पालवी, पोवळे आणि पाणी

अलंकारविचार शिकवताना कालिदासाच्या 'कुमारसंभवा'तील पार्वतीच्या स्मिताचे वर्णन उदाहरणादाखल घेण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. कोवळ्या पानावर ठेवलेले फूल किंवा स्वच्छ पोवळ्यावर ठेवलेले मोती असे काही असते, तरच तिच्या आरक्त ओठांवरच्या हास्याशी त्याची तुलना करता आली असती, असा त्या कल्पनेचा रोख आहे. या श्लोकात कवीने पानासाठी 'प्रवाल' आणि पोवळ्यासाठी 'विद्रुम' हे शब्द योजले आहेत. एम.ए.च्या वर्गात हा श्लोक सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, प्रवाळ म्हणजे पोवळे ना? मग इथे त्याचा अर्थ पान कसा?" मी कोशातले उत्तर दिले. संस्कृतात 'प्रवाल' म्हणजे कोवळी पालवी आणि पोवळे दोन्ही. 'विद्रुम' या शब्दाच्या पोटातही 'द्रुम' म्हणजे झाड आहेच. तिचे समाधान झाले नाही. "पण मग ते खरे काय आहे? झाड की दगड?" "प्राणी," असे मी म्हणाले आणि तास संपला.

उत्तर बरोबर होते, पण ते उसने होते. माझ्या माहितीतले पोवळे म्हणजे मंगळासाठी अंगठीत बसवलेला तांबडा खडा. आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या कपाटात प्रवाळाचा एक गोळा आहे. तोही पांढराफटक, धूळ बसलेला आणि मेंदूसारख्या वळ्यांचा. दोन्ही मृत. साहित्यात ओठांना उपमान म्हणून आलेले प्रवाळ असेच मृत, घासूनपुसून चकचकीत केलेले असते. जिवंत प्रवाळ पाहायचे तर समुद्रात उतरायला हवे, किंवा समुद्र घरात आणायला हवा. हा दुसरा मार्ग माणसाने कसा शोधला, त्यासाठी कोणी किंमत मोजली आणि त्यातून 'झाड की दगड' या प्रश्नाचे काय झाले, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्न केवळ आपलाच नव्हता. पाण्यात मऊ असलेली वनस्पती हवा लागताच दगड होते, अशी युरोपातील प्राचीनांची समजूत होती. ओव्हिडच्या 'मेटॅमॉर्फसिस'मध्ये मेदुसेच्या मस्तकाचा स्पर्श होऊन समुद्रवनस्पतीचे पोवळे झाल्याची कथा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी, १७०६ च्या सुमारास, लुईजी मार्सिल्यी या इटालियन सरदारांनी दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी नुकत्याच काढलेल्या तांबड्या पोवळ्याच्या फांद्या समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवल्या. काही वेळाने फांद्यांवर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमलली. बाहेर काढताच ती मिटली. मार्सिल्यींना आनंद झाला: फुले आली, म्हणजे ही वनस्पतीच!

त्यानंतर मार्सेयचे वैद्य झाँ-आंद्रे पेसोनेल यांनी हाच प्रयोग केला, पण फुलांकडे अधिक वेळ पाहिले. ती फुले स्पर्श होताच आकसतात, स्थिर पाण्यात पुन्हा हातपाय पसरतात, मेल्यावर त्यांना मांस कुजल्याचा वास येतो. तेव्हा ही फुले नव्हेत, हे प्राणी आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १७२६-२७ मध्ये हे मत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आले. रेओम्यूर यांच्यासारख्या थोर निसर्गशास्त्रज्ञाला ते इतके हास्यास्पद वाटले, की लेखकाची अब्रू राहावी म्हणून त्यांनी ते मांडताना पेसोनेल यांचे नावच घेतले नाही. १७४० नंतर इतरांची निरीक्षणे जुळू लागल्यावर अकादमीला आपले मत बदलावे लागले. तोवर पेसोनेल दूर कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर वैद्यकी करीत होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दोघांसमोरचे भांडे सारखेच होते. एकाने त्यात आपल्या अपेक्षेचे फूल पाहिले; दुसऱ्याने ते प्राणी जगते कसे आणि मरते कसे, याकडे लक्ष दिले.

मात्र भांड्यातले पोवळे तास-दोन तास पाहणे वेगळे आणि ते जगवणे वेगळे. जगवण्याची पहिली सविस्तर हकिकत मिळते ती लंडनमध्ये, आणि तीही एका धर्मोपदेशकाच्या घरात. अ‍ॅना थिन यांचे पती वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत अधिकारी होते. १८४६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथे त्यांना खडकावरचे छोटे, पेल्याच्या आकाराचे दगडी प्रवाळ दिसले. ते लंडनला न्यायचे कसे? त्यांनी सुईदोऱ्याने ते मोठ्या स्पंजाला टाचले आणि समुद्राच्या पाण्यासह दगडी बरणीत ठेवले. लंडनमध्ये समुद्राचे पाणी रोज कोठून मिळणार? होते तेच पाणी आलटूनपालटून वापरायचे, आणि ते 'ताजे' करण्यासाठी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, पुन्हा पहिल्यात, असे अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे. हे काम घरातली एक लहान मोलकरीण करीत असे.

१८४७ मध्ये थिन यांनी समुद्री शैवाल चिकटलेले दगड मागवून भांड्यात ठेवले. शैवाल उजेडात प्राणवायू सोडते, प्राणी तो घेतात; दोघांचा मेळ बसला आणि ओतण्याचा खटाटोप कमी झाला. सुमारे तीन वर्षे हे प्रवाळ जगले, त्यांना पिले झाली. या प्रयोगांचा वृत्तांत १८५९ मध्ये एका निसर्गशास्त्रीय नियतकालिकात छापून आला, तोवर या शोधाचे श्रेय इतरांच्या नावावर जमा झाले होते. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञांनी गोड्या पाण्यातील मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती यांच्या समतोलावर निबंध वाचला होता. त्याही आधी, १८३२ मध्ये, सिसिलीत जान व्हीलप्रो-पॉवर या विदुषींनी अर्गोनॉट नावाच्या सागरी प्राण्याच्या निरीक्षणासाठी काचेची टाकी वापरली होती. या इतिहासाच्या आरंभी दोन स्त्रिया उभ्या आहेत. थिन यांच्या मोलकरणीला धरले, तर तीन. आजच्या टाकीत पाणी खेळते ठेवण्यासाठी विजेचा पंप अहोरात्र चालतो. ते काम प्रथम एका मुलीच्या मनगटांनी केले, हे विसरता कामा नये.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना यापुढील पात्र परिचयाचे असेल. फिलिप हेन्री गॉस हे निसर्गशास्त्रज्ञ, कडवे श्रद्धाळू आणि विलक्षण चित्रदर्शी गद्यलेखक होते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, त्यासाठी त्यांनी डेव्हनच्या किनाऱ्यावरून प्राणी गोळा करून दिले. १८५४ मध्ये त्यांचे 'द अक्वेरियम' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि तो शब्द रूढ झाला. लॅटिनमध्ये त्याचा जुना अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा होता! आपण त्याचे 'मत्स्यालय' केले, आणि त्यात प्रवाळाला जागाच उरली नाही. गॉस यांनी चार क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल बनवण्याची कृतीही दिली. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना दार उघडले. १८४५ मध्ये काचेवरचा कर रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती, आगगाडी किनाऱ्यापर्यंत पोचली होती. मध्यमवर्गीय दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी आली. चार्ल्स किंग्जली यांनी किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीवर पुस्तक लिहिले. जॉर्ज एलियट आणि जी. एच. ल्यूइस १८५६ मध्ये इल्फ्रकूमच्या खडकांत प्राणी शोधीत हिंडले.

या लोकप्रियतेचा जमाखर्च गॉस यांच्या मुलाने मांडला. एडमंड गॉस यांचे 'फादर अँड सन' (१९०७) हे आत्मचरित्र पितापुत्रांमधील श्रद्धेच्या संघर्षासाठी वाचले जाते. पण त्यात एक वेगळा शोकही आहे. बालपणी वडिलांसोबत पाहिलेली खडकांमधली समृद्ध डबकी पुढे वडिलांचीच पुस्तके वाचून आलेल्या संग्राहकांनी लुटून ओस पाडली, आणि हा परिणाम पाहून वडिलांना मनस्ताप झाला, असे ते लिहितात. ज्याने समुद्रावर सर्वाधिक प्रेम करायला शिकवले, त्याच्याच शब्दांनी किनारा ओसाड झाला. लेखनाचे असेही परिणाम असतात, हे आपण समीक्षेत क्वचितच मोजतो. ज्यांच्यासाठी ही लूट झाली, त्या टाक्यांतले पाणी बहुधा लवकरच नासत असे, आणि त्या दशकाच्या पुढे ही फॅशनही ओसरली.

शिवाय या सर्वांनी जगवले ते थंड पाण्यातले पेल्यासारखे प्रवाळ. उष्ण कटिबंधातले, प्रवाळभित्ती बांधणारे रंगीबेरंगी प्रवाळ त्यानंतरही शंभर वर्षे घरातल्या टाकीत टिकेनात. डार्विन यांनी १८४२ मध्ये प्रवाळभित्तींच्या रचनेवर ग्रंथ लिहिला होता. त्या बांधणाऱ्या जिवाची भूक मात्र कोणाला कळली नव्हती. ती कळायला पुन्हा 'झाड की प्राणी' या प्रश्नाकडे यावे लागले.

१८८१ मध्ये कार्ल ब्रांट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञांनी अशा प्राण्यांच्या शरीरात आढळणाऱ्या पिवळसर पेशींना 'झूझँथेली' हे नाव दिले. या पेशी म्हणजे प्राण्याच्या उतींमध्ये राहणारे एकपेशीय शैवाल. १९२८-२९ मध्ये सी. एम. याँग यांच्या नेतृत्वाखालील पथकाने ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर वर्षभर मुक्काम केला. ताण पडला की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकते, हे तेथे दिसले. पण प्रवाळ या शैवालावर पोसले जाते, हे मात्र याँग यांनी मानले नाही. त्यांच्या लेखी प्रवाळ हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी होता. पुढे १९५८ मध्ये किरणोत्सारी कार्बन वापरून लिओनार्ड मस्कटीन आणि कॅडेट हँड यांनी समुद्रफुलांत शैवालाने तयार केलेले अन्न प्राण्याच्या शरीरात जाते, हे दाखवले. १९५९ च्या सुमारास जमैकात थॉमस गोरो यांनी सिद्ध केले, की उजेडात प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडा अंधारापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो.

म्हणजे पेसोनेल यांनी ज्याला वनस्पतींच्या यादीतून बाहेर काढले होते, त्याच्या देहात सूर्यप्रकाशावर जगणारे शैवाल सापडले. थिन यांनी प्रवाळाशेजारी शैवाल ठेवून जो समतोल साधला, तो उष्ण समुद्रातील प्रवाळाने स्वतःच्या कातडीखाली कधीच साधला होता. प्राणी शैवालाला निवारा, कर्बवायू आणि आपला मलरूप नत्र देतो; शैवाल त्याला साखर देते. त्यांच्या भागीदारीतून चुन्याचा दगड उभा राहतो. माझ्या विद्यार्थिनीच्या 'झाड की दगड' या प्रश्नाला मी दिलेले एका शब्दाचे उत्तर अपुरे होते, ते यामुळे. 'प्रवाल' हा शब्द वापरणाऱ्यांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना आकार आणि रंग तेवढा दिसला. परंतु त्या शब्दाने पालवी आणि पोवळे यांची जी सांगड घातली, ती आता निव्वळ चूक वाटत नाही.

या ज्ञानाचे घरगुती रूपांतर व्हायला थोडा वेळ लागला. १९६१ मध्ये जकार्ता येथील ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली 'निसर्गपद्धत' मांडली. त्यांच्या टाकीत यंत्रे जवळजवळ नव्हती. सूर्यप्रकाश, हवेचे थोडे बुडबुडे, समुद्राचे पाणी आणि समुद्रातून आणलेले, जीवजंतूंनी भरलेले खडक. हाच आजचा 'जिवंत खडक'. प्राण्यांच्या मलातून विषारी अमोनिया तयार होतो. खडकावरचे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि खडकाच्या आतल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या छिद्रांतले दुसरे जिवाणू नायट्रेटचा पुन्हा वायू करून सोडून देतात. एंग यांच्या पद्धतीकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. पाश्चात्त्य छंदिष्टांचा भर गाळण्यांवर होता. त्या पाणी नितळ ठेवत, पण नायट्रेट साचत जाई. मासे ते सोसत, प्रवाळ झुरत.

१९७० च्या दशकात पेटर विल्केन्स यांनी जर्मन भाषेत अपृष्ठवंशी सागरी प्राण्यांच्या संगोपनावर लिहिले आणि टाकीत चुन्याची निवळी घालण्याचा उपाय रूढ केला. पानाच्या तबकामुळे चुना आपल्या घरोघरी ओळखीचा. तोच चुना पाण्यात कालवून, वरचे निवळ पाणी थेंबाथेंबाने टाकीत सोडायचे, म्हणजे सांगाडा बांधायला कॅल्शियम मिळते. पुढे बर्लिनमधील छंदिष्टांनी या साऱ्या गोष्टी एकत्र आणल्या: जिवंत खडक, पाण्यातली सेंद्रिय घाण फेसावाटे काढणारे यंत्र, प्रखर दिवे आणि चुन्याची निवळी. याला 'बर्लिन पद्धत' म्हणतात. त्यांतले डीट्रिख स्ट्यूबर यांनी एका शिंगाळ प्रवाळाच्या फांद्या तोडून त्या वाढवल्या आणि इतरांना वाटल्या. त्या एका प्रवाळाचा वंश पुढे अनेक देशांतल्या टाक्यांत पसरला. जास्वंदीची फांदी शेजारणीला द्यावी, तशी! प्राणी असून फांदी खोचून वाढतो, येथेही पालवी आडून डोकावतेच. मला या इतिहासातले हे वळण सर्वांत मोलाचे वाटते. गॉस यांच्या वाचकांनी किनाऱ्यावरून घेतले. बर्लिनकरांनी एकमेकांना दिले.

आज अशी टाकी सांभाळणाऱ्याची दिनचर्या म्हणजे या साऱ्या इतिहासाची उजळणीच असते. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार हवेत. पाणी वाफ होऊन उडते, क्षार उडत नाहीत. म्हणून रोज भर घालायची ती शुद्ध केलेल्या गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. तापमान २५ अंशांच्या आसपास स्थिर ठेवायचे. लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे की नाही, ते मोजत राहायचे, कारण वाढणारे प्रवाळ ते सतत वेचून घेत असते. थोडे पाणी ठरावीक दिवसांनी बदलायचे, माशांना बेताने खाऊ घालायचे, दिवा एकदम प्रखर न करता हळूहळू वाढवायचा. यांतल्या कोणत्याही गोष्टीत नुसते आकडे गाठून भागत नाही. ते आकडे दिवसेंदिवस न हलणे महत्त्वाचे. समुद्राची दांडगी स्थिरता शे-दोनशे लिटर पाण्यात आणायची, तर माणसाला स्वतः स्थिर व्हावे लागते. चार दिवस घर बंद करून जाता येत नाही.

परंतु फांद्या वाटून सारी मागणी भागली नाही. उष्ण समुद्रातील प्रवाळांचा व्यापार वाढला, खडक फोडले गेले. १९९० पर्यंत सर्व दगडी प्रवाळ वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आले. आपल्याकडे २००१ मध्ये भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात झाला. आपल्या समुद्रातील प्रवाळ तोडणे हा गुन्हा आहे. हौसेसाठीही त्यात सूट नाही, आणि ती असू नये.

दरम्यान समुद्रच तापू लागला. पाणी नेहमीपेक्षा अंशभर अधिक उष्ण राहिले आणि ते काही आठवडे टिकले, की प्राणी आणि शैवाल यांची भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे होते. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये आपल्या लक्षद्वीपने हे अनुभवले. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातील प्रवाळांच्या चौथ्या व्यापक विरंजनाची घोषणा झाली. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा समुद्र इतका तापला, की समुद्रातील रोपवाटिकांमधले हजारो प्रवाळ उचलून किनाऱ्यावरच्या टाक्यांत आणावे लागले. दीडशे वर्षांपूर्वी टाकीसाठी समुद्र रिकामा झाला. आता समुद्रासाठी टाकी भरली जात आहे.

या बदलाचे एक केंद्र पुन्हा लंडनमध्येच आहे. हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास सुरू केलेल्या कामातून, मूळ समुद्रातील ऋतुमान, दिवसाची लांबी आणि चंद्राच्या कला टाकीवर कृत्रिमरीत्या घडवून, बंदिस्त प्रवाळांकडून ठरल्या काळी बीजोत्सर्जन करवून घेतले. २०१९ मध्ये त्यांच्या मदतीने फ्लोरिडातील मत्स्यालयात अटलांटिकमधील दुर्मीळ स्तंभप्रवाळाने प्रथमच टाकीत बीजे सोडली. या पद्धतीत चंद्रप्रकाश हासुद्धा पाण्याइतकाच आवश्यक घटक ठरला आहे. तरीही कोणी असा समज करून घेऊ नये, की टाकी समुद्राची जागा घेईल. शेकडो मैलांची भित्ती कोणत्याही काचेत मावत नाही. टाकी फार तर वाण राखून ठेवते.

आपल्या दाराशी याचा एक छोटा पडसाद उमटला. २०२० मध्ये मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली येथील खडकांवरचे प्रवाळ परवानगी घेऊन काढण्यात आले आणि दुसरीकडे लावण्यात आले. मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहेत, हेच अनेकांना त्या बातमीने कळले. तेही भित्ती बांधणारे भव्य प्रवाळ नव्हेत. खडकाला चिकटलेले, नाण्याएवढे, थिन यांनी सुईदोऱ्याने टाचले त्यांच्या दूरच्या नात्यातले. भरतीच्या पाण्यात शेजारी राहणारा हा जीव आपल्या भाषेत अंगठीतल्या खड्याच्या नावानेच ओळखला जातो.

पुढच्या वर्षी तो श्लोक पुन्हा शिकवायचा आहे. या वेळी वर्ग प्राणिशास्त्राच्या कपाटापाशी न्यायचा, असे ठरवले आहे. तो पांढरा गोळा मुलांच्या हातात द्यायचा, त्यावरच्या वळ्यांत कधीकाळी तोंडे उघडत-मिटत होती आणि त्या तोंडांच्या कातडीखाली उजेड खाणारे शैवाल होते, हे सांगायचे. मग कालिदासाची उपमा वाचायची. ती उपमा त्याने कमी सुंदर होणार नाही. 'झाड की दगड' असे विचारणारी मुलगी मात्र त्या वर्गात नसेल, एवढीच रुखरुख आहे. तिच्यासाठी हा लेख.